तुझ्या बेरजेतली माझी वाटी

नीला,

दुपारी जरा डोळा लागला होता आणि वाट्यांचा आवाज आला. स्टीलच्या वाट्या टेबलावर एकेक करून मांडताना होतो तो. मी डोळे न उघडता पडून राहिलो. मला वाटलं, कोणीतरी आपला घोळ घेऊन तुझ्याकडे आलं आहे आणि आता तू त्याला विचारणार, "बरं, तुम्हाला नक्की काय काय हवंय ते आधी सांगा." मग मुग्धा आत डोकावली आणि म्हणाली, "बाबा, उठताय ना? चहा टाकते." वाट्या ती विसळून ठेवत होती. तरी मी लगेच उठलो नाही. आवाज अजून तुझाच होता, तो थोडा वेळ तसाच असू दिला.

हल्ली दुपारी असंच चालतं. वैशाखाचं ऊन गच्चीवर तापत असतं, गंगापूर रोडवरच्या गाड्या फार लांबून ऐकू येतात आणि मी झोप आणि जाग यांच्या मध्ये कुठेतरी तरंगत असतो. तिथे तू असतेस. बोलत नाहीस, नुसती वावरतेस, आणि मला तेवढं पुरतं. भेटायला येणारी माणसं आता कमी झाली आहेत. मुग्धा रविवारी पुण्याला परत जाईल. आपला बाप धड आहे असं आपल्या लेकीला वाटायला हवं म्हणून मी दोन्ही वेळा नीट जेवतो, पेपर वाचतो, कुंड्यांना पाणी घालतो. पण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. ती तुलाच सांगायची आहे, कारण ती तुझ्या विषयातली आहे. आपण मुंबईला न जाता इथेच राहायचं ठरवलं, त्या बेरजेत नक्की काय झालं, हे मला कळत नव्हतं. काल कळलं. कळल्यापासून मी तुझ्यावर चिडलेलो आहे, आणि चिडायला समोर तू नाहीस.

तुझा विषय! तू मला तो पहिल्यांदा सांगितलास तेव्हा आपलं लग्न ठरलेलंही नव्हतं. रविवार कारंजापाशी भेळ खात उभे होतो. कॉलेजात गणित शिकवणारी मुलगी मला सांगत होती की माणसाला एकाच वेळी चार गोष्टी हव्या असतात, त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात आणि त्यातून वाट काढायला एक फलन असतं, मूल्यफलन. मी शाळेतला चित्रकलेचा मास्तर. फलन हा शब्द ऐकूनच मी भेळेच्या पुडीत डोकं घातलं. तू मात्र रंगात आली होतीस. प्रत्येक गोष्टीतलं वाईटात वाईट म्हणजे शून्य, चांगल्यात चांगलं म्हणजे एक. मधलं कुठे बसतं त्याचा वक्र काढायचा. मग कुठल्या गोष्टीला किती वजन ते ठरवायचं, गुणायचं आणि बेरीज करायची. ज्याची बेरीज मोठी, तो पर्याय आपला.

"आणि माणसाने काय करायचं मग?" मी विचारलं होतं.

"माणसाने खरं बोलायचं," तू म्हणालीस. "बाकी सगळं सोपं आहे."

लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, चिवडा करता करता, तू सहज सांगून टाकलंस की तेव्हा तुझ्यासमोर दोन स्थळं होती आणि बेरजेत मी दुसरा आलो होतो. मी जेवलो नाही त्या दिवशी. तू हसून हसून बेजार झालीस. म्हणालीस, "अरे वेड्या, बेरीज एक सांगते आणि जीव दुसरीकडे ओढतो, तेव्हा समजायचं की एखादा रकाना मांडायचा राहिलाय. मी तो शोधला." कोणता रकाना, ते तू कधी सांगितलं नाहीस. मी रुसून, लाडात येऊन, भांडून विचारलं. दर वेळी तू म्हणायचीस, "सांगेन की, घाई काय आहे?" घाई होती, नीला. आपल्या दोघांनाही ते ठाऊक नव्हतं इतकंच.

पण तुझ्या फलनात माझी एक नोकरी होती, वक्र काढण्याची. तुझी रेघ वाकडीतिकडी यायची, माझा हात सरळ. दिंडोरीला बाळूभाऊंच्या बागेत आपण पहिल्यांदा गेलो तो माघ मला स्वप्नासारखा आठवतो. वर द्राक्षाचा मांडव, त्यातून गाळून आलेला हिरवा उजेड सगळ्यांच्या तोंडावर, आणि त्या उजेडात तू खाटेवर ताट घेऊन बसलेली. ताटात बेदाणे. घरापुरते त्यांनी वाळवलेले, जरा काळपट, पण असे गोड की विचारू नये. एकेका गोष्टीची एकेक वाटी, जितके चिंचोके तितकं तिचं वजन, आणि नेमके चिंचोकेच आणायला तू विसरली होतीस आणि बाळूभाऊंच्या घरात त्या घटकेला मुबलक अशी ही एकच वस्तू होती. तेव्हापासून बेदाण्यांचाच पायंडा पडला. घड आज उतरवायचे की आणखी आठवडाभर थांबायचं, हा त्यांचा प्रश्न होता. थांबलं तर मणी फुगतील, गोडी चढेल. पण आभाळ भरून येत होतं आणि सुरगाण्याकडची तोडणीची माणसं होळीला घरी जायला उतावीळ झाली होती.

"सगळ्यात महत्त्वाचं काय, भाऊ?" तू विचारलंस.

"गोडी!" बाळूभाऊंनी मूठभर बेदाणे गोडीच्या वाटीत ओतले. "द्राक्षाला गोडी नाय, तर मग हाय काय त्यात?"

"आज किती आहे? थांबलात तर किती होईल?"

ते गोडी मोजायचं यंत्र डोळ्याला लावून दोन-चार घडांपाशी फिरून आले. फरक अगदी थोडा निघाला.

"मग एवढ्याशा फरकाला एवढे बेदाणे?"

"अहो मॅडम, पण गोडीच महत्त्वाची ना?"

"गोडी महत्त्वाचीच आहे. मी विचारतेय, गोडीतला हा एवढा फरक महत्त्वाचा आहे का? कुठून कुठपर्यंत जाणार ते सांगितल्याशिवाय वजन टाकायचं नाही माझ्या वाटीत."

बाळूभाऊ ताटावर वाकले. मग त्यांनी गोडीच्या वाटीतले बेदाणे उचलून माणसांच्या वाटीत टाकले आणि एक तोंडात. त्यावर तू जी ओरडलीस! "खायचे असतील तर सगळ्या वाट्यांतून सारखे खा, मला चालेल. एकाच वाटीतून खाल्लेत तर निर्णय फिरेल. टाका परत!" ते बिचारे लाजले आणि दुसरा बेदाणा टाकला. पुढे गावात ती गंमतच होऊन बसली. कोणाचं काही ठरवायचं असलं की मॅडमना बोलवा, पण ताटाला हात लावू नका. वीस वर्षांत तुझी नजर चुकवून कोणाला एक बेदाणा खाता आला नाही, आणि मी तर तुझ्या शेजारीच बसलेला असायचो.

तुझा आवडता प्रश्न मला तिथेच पहिल्यांदा ऐकायला मिळाला. समजा, सगळंच वाईटात वाईट झालंय. एकच गोष्ट उचलून चांगल्यात चांगली करायची मुभा आहे. तर कुठली उचलाल? ती उचलली, आता दुसरी कुठली? लोक या प्रश्नाला भलतं खरं उत्तर द्यायचे. सांगताना त्यांचे चेहरे उतरायचे, कारण आपल्याला काय हवंय ते आपल्याला वाटलं होतं तसं नाही, हे त्यांना त्या क्षणी कळायचं. मी त्या खाटेच्या कडेला बसून कागदावर वक्र काढायचो आणि मनात म्हणायचो की माझी बायको म्हणजे एक नामी वस्तू आहे. हे मी तुला तोंडावर कधी म्हणालो नाही. आता म्हणतो.

आणि मग तो प्रश्न आपल्याच टेबलावर येऊन बसला.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. डॉक्टरांनी तुझ्या आजारावर दोन रस्ते सांगितले होते. एक मुंबईचा, जोरकस उपचारांचा. पुन्हा पुन्हा दवाखान्यात राहायचं, गुंगी, मळमळ, पण दिवस बरेच जास्त मिळण्याची शक्यता. दुसरा नाशिकचा, सौम्य औषधांचा. घरी राहायचं, दिवस कमी, पण बहुतेक दिवस आपले. कुठलाच रस्ता बरा होण्याकडे जात नव्हता, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं आणि तू त्यांना म्हणालीस, "सगळं नीट मांडून सांगितलंत, बरं वाटलं." ते चष्मा पुसायला लागले. मला मात्र तुला तिथून उचलून थेट मुंबईच्या गाडीत बसवावंसं वाटत होतं.

दुपारी तू टेबलावर ताट ठेवलंस. बाळूभाऊंचे बेदाणे. चार वाट्या, आणि त्यांच्यापुढे माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या: दिवस, दुखणं, जाग, घर. जाग म्हणजे डोकं ठिकाणावर असणं. "समजा," तू सुरू केलंस, "दिवस कमीत कमी, दुखणं जास्तीत जास्त, डोकं गुंगीत आणि घर लांब. यातली एकच गोष्ट उचलायला मिळाली."

"दिवस," मी म्हणालो.

"मी स्वतःला विचारतेय, श्रीधर."

तू जाग उचललीस. मग दुखणं. मग तू माझ्याकडे कागद सरकवलास आणि दिवसांचा वक्र काढ म्हणालीस. मी काढला, पट्टीने काढावी तशी एक रेघ, खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात.

"जन्मभर पोरांना सांगत आलास, निसर्गात सरळ रेघ नसते."

"इथे आहे. जितके दिवस तितकं मोल. शेवटच्याचंही पहिल्याइतकंच."

तू पेन्सिल घेतलीस. एरवी तुझी रेघ वाकडीतिकडी, पण हा वक्र स्वच्छ आला. सुरुवातीला भराभर वर चढणारा, मग वाकणारा, मग जवळजवळ आडवा. त्या आडव्या भागावर बोट ठेवून तू म्हणालीस, "इथून पुढे दिवस असतील. मी नसेन."

"ते दिवस माझे असतील," मी म्हणालो. मी ओरडलोच असेन, कारण गॅलरीतली कबुतरं उडाली.

तू पेन्सिल खाली ठेवलीस. मग उठलीस, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेलीस आणि पाचवी वाटी घेऊन आलीस. "रास्त आहे," म्हणालीस. "ही तुझी. हिच्यात तुझी सरळ रेघ चालेल." तिच्यात तू बेदाणे टाकलेस, मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त. वाटी माझ्या हाताला लागेपर्यंत पुढे सरकवलीस आणि विचारलंस, "पुरे? का अजून हवेत?"

आपल्या बायकोच्या मरणात आपलं वजन किती, हे कोणता नवरा सांगू शकतो? मी भलतंच बोलत सुटलो. मुलुंडला माझ्या मावसभावाची जागा आहे, रिकामीच असते. मुग्धा पुण्याहून येऊन जाऊन राहील. नवी औषधं निघतात रोज. मी बोलत होतो, तू माझ्याकडे बघत होतीस. अधूनमधून "हं" म्हणत होतीस. ऊन टेबलावरून सरकत सरकत खाली जमिनीवर उतरलं. माझं बोलणं संपलं तेव्हा तू वाट्या जवळ ओढल्यास, तोंडातल्या तोंडात गुणाकार केलेस आणि म्हणालीस, "घर. थोडक्यात, पण घर."

वाट्या विसळायला मी घेतल्या. चार वाट्यांतले बेदाणे मी बरणीत ओतले. पाचवी रिकामी होती. माझ्या तोंडात गोड चव होती आणि एक बेदाणा दाढेत अडकलेला. बोलता बोलता मी माझी वाटी खाऊन टाकली होती.

आता कोणाला सांगितलं तर हसेल. मलाही क्षणभर हसू आलं होतं. मग मी ओले हात घेऊन बाहेर आलो तर तू खुर्चीत मान टेकून झोपली होतीस, आणि कितीतरी दिवसांनी तुझ्या कपाळावर आठी नव्हती. उद्या सांगू, उद्या पुन्हा बेरीज करू, असं म्हटलं. सकाळी मी दूध घेऊन परत आलो तोवर तू डॉक्टरांना फोन करून मोकळी झाली होतीस. गॅलरीत उभी राहून केस विंचरत होतीस आणि गुणगुणत होतीस. त्या गुणगुणण्यापुढे माझी काय प्राज्ञा होती सांग.

मग ते महिने आले. नीला, त्या महिन्यांबद्दल मला नीट सांगता येत नाही, सगळं धुक्यातून दिसल्यासारखं आहे. थंडीत मी तुला पहाटे सोमेश्वरकडे न्यायचो. नदीवर धुकं असायचं, पलीकडचा काठ नाहीसा झालेला, आणि तू शालीत गुंडाळून गाडीच्या काचेतून बघत बसायचीस. "एवढंच दिसतंय ते बरंय," म्हणायचीस. मग परतताना चहा. कधी तुझ्याच्याने घोटभर जायचा, कधी तेवढाही नाही. माघात बाळूभाऊ स्वतः येऊन तुला बागेत घेऊन गेले. मांडवाखाली खाट टाकली होती, तीच बहुतेक. तोडणी चालू होती, कात्र्यांचा बारीक आवाज येत होता, आणि त्या हिरव्या उजेडात तू झोपलीस. तासभर मी तुझं चित्र काढत बसलो. ते चित्र चांगलं आलं आहे. आजवर मी काढलेल्यांत चांगलं आहे, हे मी आढ्यतेने सांगत नाही.

भांडलोही आपण. तुला आराम म्हणून गप्प राहता येत नव्हतं. एक दिवस तू एकदम म्हणालीस की इतकी वर्षं लोकांना बेरीज शिकवली ती अर्धवटच होती. बेरीज तेव्हाच चालते जेव्हा एका गोष्टीचं मोल दुसरीवर अवलंबून नसतं. "माझ्या बाबतीत ते खरं नाही. जाग नसेल तर दिवसांचं करू काय? इथे गुणाकार लागतो. जाग शून्य झाली की बाकीच्या सगळ्याला शून्याने गुण."

"मग बाळूभाऊंना बेरीज का शिकवलीस?"

"त्यांचं भागत होतं. द्राक्षं एवढी गुंतागुंतीची नसतात."

मला पटलं नाही, आणि का नाही ते तेव्हा मांडता आलं नाही. आता मांडतो. तुझी जाग शून्य झाली असती, तू मला ओळखलंही नसतंस, तरी तुझा हात ऊबदार असता आणि तो माझ्या हातात असता. त्याला मी शून्य कसं लिहू? तुझ्या बाजूने असेल शून्य. माझ्या बाजूने त्याला मी एकच लिहिला असता, सबंध एक. तू यावर नक्की म्हणाली असतीस, "हे माझ्या फलनात बसत नाही, तुझं वेगळं काढ." आणि मी चिडलो असतो.

चैत्रातल्या एका सकाळी तू गेलीस. पूर्ण जागी होतीस. खिडकीचा पडदा जरा ओढ, डोळ्यांवर ऊन येतंय, असं म्हणालीस. मी तो ओढला आणि वळलो.

दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि माझ्या डोक्यात ती रिकामी वाटी घुमायला लागली. गेल्या आठवड्यात, मुग्धा बाजारात गेली असताना, मी पाचही वाट्या मांडल्या. कुठल्या वाटीत किती होते ते मला आठवत होतं, चित्रकाराला ढिगाऱ्याचा आकार विसरता येत नाही. तुझाच नियम होता, वजन हलवून बघावं, उत्तर हलतं का. मी माझी वाटी भरली, अंगठ्याएवढ्या पेन्सिलीने गुणाकार केले. मुंबई आली. पुन्हा केले. पुन्हा मुंबईच. थोडक्यात, पण मुंबई.

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. तुझे ते जास्तीचे दिवस मी मूठभर बेदाण्यांसारखे चघळून टाकले, असं मनात यायचं. मुग्धाने विचारलं, बाबा काही होतंय का? मी उन्हाळ्याचं निमित्त सांगितलं.

काल बाळूभाऊ आले. दारातच रडले. मग बसले, पाणी प्यायले आणि पिशवीतून बेदाण्यांचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. "औंदाचे हायेत, सर. मॅडमसाठी ठेवले व्हते." मी ताटलीत काढून त्यांच्यापुढे केले. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला, आणि डोळे पुसत हसले.

"अजून बी भीती वाटती बघा. एक मणी उचलला का त्या म्हणायच्या, टाका परत. लय येळा मी बघितलं, मॅडमची मान खाली, कागदावर लिव्हत्यात, म्हनलं आता घ्यावा एक. पन नाय! वर न बघता म्हनायच्या, भाऊ, टाका. त्यांच्या नजरंतून कधी एक बी सुटला नाय."

"कधीच नाही?"

"कवाच नाय, सर. तुमाला तर ठावं हाय."

ठाऊक होतंच मला. वीस वर्षं शेजारी बसलेलो. ते काय काय बोलत होते, मी ऐकत नव्हतो. मी त्या दुपारच्या टेबलाशी जाऊन बसलो होतो. ऊन खाली सरकत होतं. माझा हात वाटीतून तोंडाकडे जात होता, एकदा नाही, वाटी संपेपर्यंत. आणि तू मान खाली घातलेली नव्हतीस, लिहीत नव्हतीस. तू सबंध वेळ माझ्याकडेच बघत होतीस.

आणि म्हणाली नाहीस, टाक परत.

लबाड! बाळूभाऊ गेल्यावर मी हे मोठ्याने म्हणालो. मुग्धा आतून म्हणाली, "काय हो बाबा?" मी म्हटलं, तुझी आई. तिला वाटलं मी आठवणीने बोलतोय, ती येऊन खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी चिडून रडत होतो आणि ते तिला कळणं शक्य नव्हतं. उभ्या आयुष्यात खोटं एक वजन टाकलं नाहीस, कोणाला टाकू दिलं नाहीस, आणि शेवटच्या बेरजेत माझी वाटी माझ्याच हाताने रिकामी होऊ दिलीस. रास्त म्हणून वजन दिलंस, अजून हवंय का म्हणून विचारलंस, आणि मग स्वस्थ बसून राहिलीस. दमली असशील, लक्ष गेलं नसेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. मला ते पटत नाही. तू टाक परत म्हणाली असतीस तर मी वाटी शिगोशीग भरली असती, ताटातले सगळे ओतले असते, आणि तू खरं बोलणारी म्हणून मुकाट्याने मुंबईला आली असतीस. हे तुला माहीत होतं. म्हणून तू बघत राहिलीस.

आज मात्र राग जरा बसला आहे. संध्याकाळी वारा सुटला, गच्ची निवली, मी तिथे बसून तुझ्याशी बोलतो आहे. तुला जे हवं होतं ते तू माझ्याकडे मागितलं नाहीस, कारण मागितलं असतंस तर मला नाही म्हणता आलं नसतं आणि हो म्हणणंही जन्मभर बोचलं असतं. धुक्यातल्या त्या पहाटा, मांडवाखालची ती झोप, तो गुणाकाराचा वाद, हे सगळं मला तुझ्या लबाडीतून मिळालं. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे.

पण खरं बोलायचं, असं तूच म्हणायचीस. मग हेही ऐक. कोणी आत्ता येऊन म्हणालं की ते सगळे सुंदर महिने परत दे आणि त्याबदल्यात मुंबईच्या दवाखान्यातला एक आठवडा घे, तू गुंगीत, तू मला न ओळखणारी, मी बाकावर बसलेला, तर मी सगळे महिने देऊन टाकीन. विचारही करणार नाही. माझी रेघ अजून सरळच आहे. तुझा वक्र मला समजतो, त्याचा सुबकपणाही दिसतो, पण तो माझा होत नाही. आपलं भांडण मिटलेलं नाही, नीला. मी आजही तुला मुंबईला नेलं असतं. आणि तू आजही तशीच बघत राहिली असतीस.